भरलेली बाटली

अप्पांनी पाणी पिणं माझ्यामुळे थांबवलं. आमच्या घरात ही गोष्ट बरेच दिवस वेगळ्या पद्धतीनं सांगितली जात होती, आणि सांगितली जात असताना मी तिथंच बसलेला असायचो. त्या गोष्टीत अप्पा हट्टी होते, त्यांचं वय झालेलं होतं, त्यांना इकडचं ऊन कळलं नव्हतं, आणि मी त्यांना वेळेवर दवाखान्यात पोचवणारा जावई होतो. शेवटचं तेवढं खरं आहे. बाकीचं मी चालू दिलं.

अप्पा म्हणजे माझे सासरे. कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. जवळच्याच गावात त्यांनी घर बांधलं, आणि सासूबाई गेल्यावर त्या घरात ते एकटे राहत होते. स्वतःपुरता स्वयंपाक करायचे, संध्याकाळी वाचनालयात जाऊन बसायचे. मेहुण्यानं पुण्याला बोलावलं की जायचे आणि चार दिवसांत परत यायचे. त्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले. आम्ही ऑरेगनमध्ये पोर्टलंडजवळ राहतो. बायको हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, मी एका कंपनीत प्रोजेक्टांची वेळापत्रकं सांभाळतो, मुलगा कॉलेजसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला आहे.

कॅम्पिंगचा नाद माझा. तंबू, गॅसची शेगडी, कंदील, सगळं गॅरेजमध्ये एका कपाटात लावून ठेवलेलं असतं. अप्पांना पूर्वेकडचा ज्वालामुखीचा मुलूख दाखवायचा, असं मीच काढलं. तिघांनी जायचं होतं. ऐन वेळी बायकोची ड्यूटी बदलून मिळेना, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या की. अप्पा कधीची वाट बघतायत." तिनं दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि अप्पांसाठी आणलेली मोठी पारदर्शक बाटली भरून गाडीच्या दारातल्या कप्प्यात ठेवली.

लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती, पण मी आणि अप्पा एखाद्या तासाहून जास्त वेळ कधी दोघंच असे बसलेलो नव्हतो. सासरा आणि जावई यांना बोलायला तिसरं माणूस लागतं. ते मला जावईबापू म्हणायचे आणि 'तुम्ही' म्हणायचे. मी सुरुवातीला एकदोनदा म्हटलं होतं की 'तू' म्हणा. "म्हणू की," असं म्हणून त्यांनी ते कधी केलं नाही.

पोर्टलंडहून निघालं की आधी दाट जंगल लागतं, मग डोंगर चढायचा आणि पलीकडं उतरायचं. उतरताना झाडं विरळ होत जातात आणि थोड्या वेळानं संपतात. पाऊस डोंगराच्या अलीकडंच सगळा पडून जातो. पलीकडं गुडघ्याएवढी करडी झुडपं, मधूनच एखादं वाकडं ज्युनिपरचं झाड, आणि क्षितिजावर राखेच्या ढिगासारख्या दिसणाऱ्या लालसर टेकड्या. त्या टेकड्या म्हणजे एकेक विझलेलं तोंड आहे. अप्पा बराच वेळ बाहेर बघत होते.

"हे आमचं माण-खटाव झालं की," ते म्हणाले. "अलीकडं पाऊस, पलीकडं टँकर."

मी हसलो. मग पुन्हा गप्प झालो, कारण माझं लक्ष घड्याळाकडं होतं. आम्हाला ज्या तळ्याकाठी राहायचं होतं तिथल्या काही जागा आधी राखून ठेवता येत नाहीत. जो आधी पोचेल त्याची जागा. दुपारच्या आत पोचलं पाहिजे, असा माझा हिशेब होता. तो मी घरून निघायच्या आधीच केला होता, आणि त्यात अप्पांचं वय धरलेलं नव्हतं.

"इथं जरा पाय मोकळे करायचे का?" असं अप्पा विचारायचे. त्यांना प्रोस्टेटचा त्रास होता, गोळी चालू होती. बायकोनं मला हे सांगितलेलं होतं. ते स्वतः मला कधीच बोलले नसते. जावयाला तहानभूक सांगताना अवघडणारा माणूस हे कुठून सांगणार? पाय मोकळे करायचे का, एवढंच. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी लगेच थांबलो. दुसऱ्यांदाही. डोंगर उतरल्यावर मात्र थांबायला जागा मिळेना. रस्ता सरळ, दोन्हीकडं उघडा माळ, मैलभर लांबची गाडी दिसते. तिथं एका म्हाताऱ्या माणसानं आडोसा तरी कशाचा घ्यायचा? ते एका ज्युनिपरच्या झाडापर्यंत चालत गेले, झाडामागं उभे राहिले, सावकाश परत आले. मी गाडीला टेकून उभा होतो.

तेवढ्यात माझ्या मित्राचा फोन आला. आमच्या मराठी मंडळातल्या कॅम्पिंगवाल्या ग्रुपमधला हा मित्र. तळ्याकाठची जागा त्यानंच सुचवली होती.

"कुठं पोचलास?"

"कुठला पोचतोय यार," मी म्हणालो. "सासरेबुवा आहेत बरोबर. दर झुडपाला पाणी घालत चाललोय आम्ही."

तो हसला. "मग वाळवंट हिरवं करूनच या आता."

"पुढच्या वर्षी जंगल खातं आमचा सत्कार करणारे."

अप्पा तोवर गाडीत येऊन बसले होते. काच खाली होती. हे दोन्ही मला माहीत होतं. मी हे मुद्दाम ऐकवलं, असं नाही म्हणता येणार. पण दोन पावलं लांब जाऊन बोललो असतो तर चाललं असतं, आणि मी गेलो नाही.

मी आत बसलो तेव्हा ते बाटलीचं झाकण फिरवून घट्ट लावत होते. "चला," ते म्हणाले, "माझ्यामुळं उशीर झाला."

"छे, छे, कसला उशीर," मी म्हणालो आणि गाडी काढली.

जागा मिळाली. तळं एका मोठ्या ज्वालामुखीच्या पोटात आहे. डोंगराचा माथा कधीतरी आत बसला आणि तिथं पाणी साठलं. मी तंबू लावत होतो तोवर अप्पा काठावर हिंडत होते. काठाला फिकट रंगाचे, भोकाभोकांचे दगड पडलेले असतात. त्यांनी एक उचलून हातात तोलला.

"ही तर टाचा घासायची वज्री," ते म्हणाले.

"पाण्यात टाकून बघा."

त्यांनी टाकला. दगड तरंगला आणि हळूहळू तळ्यात पुढं सरकू लागला. अप्पा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी आणखी एक टाकला, मग आणखी एक. मला वाटलं, ट्रिप चांगली होतेय.

संध्याकाळी मी शेगडीवर चहा ठेवला. अप्पा म्हणाले, "मला नको. आता चहा घेतला की झोप येत नाही." अप्पा संध्याकाळचा चहा कधी सोडत नाहीत, हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. सासूबाईंचं आणि त्यांचं या एका गोष्टीवरून कायम वाजायचं. दशमी त्यांनी कोरडीच खाल्ली. घासाबरोबर दोन घोट पाणी घेतलं असेल.

ते मुद्दाम पाणी टाळतायत, हे मला तेव्हाच कळलं. पुढं मी स्वतःशी बरेच दिवस म्हणत होतो की माझ्या लक्षात आलं नाही, म्हणून हे नीट लिहायला हवं. लक्षात आलं होतं. त्या गार हवेत त्यांना तंबूची चेन उघडून बाहेर पडावं लागू नये, मला उठावं लागू नये, तेवढंच बरं, असा विचार मी केला, आणि चहा एकट्यानं प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एका घोटाबरोबर गोळी घेतली. आम्ही तळ्याजवळच्या काचेच्या डोंगरावर गेलो. काच म्हणजे खरोखरच काळी काच. लाव्हा झपाट्यानं थंड झाला की असा दगड होतो. ऊन पडल्यावर सगळा उतार चमकतो. अप्पा थोडं चढले आणि वाटेवरच्या एका पायरीवर बसले. मग तिथून आम्ही दक्षिणेला निघालो. वाटेत रस्ता लाव्हाच्या एका पसरलेल्या जिभेला लागून जातो. मी फोटोसाठी थांबलो. अप्पा उकिडवे बसले आणि त्यांनी त्या काळ्या दगडावर हात ठेवला.

"हा कालचा दिसतोय."

"काही हजार वर्षं, असं बोर्डावर लिहिलंय."

"म्हणजे कालचाच. आमचा कातळ हाच. फक्त आमचा म्हातारा झालाय, त्याच्यावर माती धरलीय." ते तसेच बसून राहिले. "घराचा पाया खणताना असलाच लागला होता. गवंडी म्हणाला, जागा बदला. मी म्हटलं, बदलायची कशाला, ज्याच्यावर उभं राहायचं तो पक्का आहे ना? सुरुंग लावायला लागला. तुमच्या सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत."

मग ते घराबद्दल बोलत राहिले. मागच्या दारचा शेवगा, पडवीतला झोपाळा, भिंतीला ओल येते तो कोपरा, परत गेल्यावर पहिल्यांदा तो दुरुस्त करायचा आहे. मी त्यांना इतकं सलग बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. आवाज जरा घोगरा येत होता. हवा कोरडी आहे, असं मी मनात म्हटलं. माझेही ओठ फुटले होते.

त्या दिवशी "पाय मोकळे करायचे का," असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. आम्ही ठरल्याच्या आधी पुढं पोचत होतो. दारातल्या कप्प्यात बाटली उभी होती आणि पाण्याची रेघ जवळजवळ झाकणापाशी होती. मी रस्त्याकडं बघत म्हणालो, "अप्पा, पाणी प्या हं."

"पितोय की," ते म्हणाले.

मी पुन्हा काही बोललो नाही. वेळ चांगली जमत होती, आणि मला बरं वाटत होतं.

दुपारी आम्ही त्या सपाट माळावरच्या एका खडकाच्या कड्याशी पोचलो. लांबून तो किल्ल्यासारखा दिसतो. तुटलेल्या बांगडीसारखी एक गोल भिंत, आत मोकळं मैदान. पाण्याखाली स्फोट होऊन राखेची ही भिंत उभी राहिली, पुढं पाणी आटलं. आतून चालत एक फेरी मारायची पायवाट आहे. ऊन होतं. अप्पांनी फुलशर्टावर स्वेटर घातलेला होता, सकाळी थंडी होती म्हणून घातला होता, तो काढलाच नव्हता. मी पुढं होतो. मागं वळून बघितलं तर ते वाटेच्या कडेला एका दगडावर बसले होते.

मी परत आलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "भोंगा झाला का रे?"

मला आधी कळलं नाही. "कसला भोंगा, अप्पा?"

"पाळीचा. तू का उभा राहिलायस? जा, नमुने घेऊन ये. ते साहेब ओरडतील."

ते मला 'तू' म्हणत होते. कारखान्यातल्या कुणा पोराशी बोलत असावेत. मी त्यांना उठवायला गेलो तर पाय धरेनात. कपाळाला हात लावला, अंग तापलेलं होतं. तिथून गाडी लांब नव्हती. मी त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि जवळजवळ उचलूनच नेलं. ते वजनाला फार हलके होते.

गाडीत बसवून मी बाटली त्यांच्या तोंडाला लावली. त्यांनी ओठ मिटले आणि मान फिरवली. मला वाटलं, अजून भ्रमात आहेत. पण ते अगदी नीट बोलले.

"नको. परत थांबायला लागेल तुम्हाला."

मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक "अप्पा, प्या हो," असं काहीतरी. त्यांनी थोडं घेतलं. मी गाडी उत्तरेला वळवली. मोठं गाव तासाहून जास्त लांब होतं. फोनला रेंज आली तेव्हा मी आधी हॉस्पिटलला फोन केला, मग बायकोला.

हॉस्पिटलमध्ये त्यांना लगेच आत घेतलं. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी सगळं तपासून मला सांगितलं की शरीरातलं पाणी फार कमी झालंय, आणि लघवी धरून ठेवल्यानं इन्फेक्शन झालंय. म्हाताऱ्या माणसांत अशानं डोकं भरकटतं, दोन्ही आवरलं की येतील ताळ्यावर. सलाईन लावली. काही तासांनी अप्पा ताळ्यावर आले. डॉक्टरांनी विचारलं, ते पाणी का पीत नव्हते? अप्पांना इंग्रजी येतं. तरी मी मराठीत विचारलं, "अप्पा, पाणी का पीत नव्हतात, असं विचारतायत."

अप्पा सलाईनच्या बाटलीकडं बघत होते. "तहानच लागली नाही, म्हणावं."

मी ते इंग्रजीत करून सांगितलं.

मग बायकोचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. ती आधी रडली, मग चिडली.

"अप्पा, तुम्ही काय लहान आहात का? डोंगरावर, उन्हात, पाणी न पिता? भरून दिलेली बाटली तशीच? का लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असलं काही अजून आहे तुमचं?"

"नाही गं," अप्पा म्हणाले. "जावईबापू सारखे सांगत होते. मीच ऐकलं नाही."

ती फोनवर वाट बघत होती. मला काहीही बोलता आलं असतं.

"सांगत होतो मी," मी म्हणालो.

घरी आल्यावर अप्पा चार दिवसांत हिंडू-फिरू लागले. पण घरातलं त्यांचं स्थान बदललं. बायकोनं त्यांच्या फोनवर दर तासाला वाजणारा गजर लावला. नवीन बाटली आणली, तिच्यावर किती वाजेपर्यंत कुठवर प्यायचं त्याच्या खुणा छापलेल्या होत्या. संध्याकाळी अप्पा एकटेच कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत जाऊन यायचे, ते तिनं बंद केलं. "कुणीतरी बरोबर असल्याशिवाय नाही." मंडळाच्या एका जेवणाला गेलो तर ही गोष्ट आमच्या आधी तिथं पोचलेली होती. एक वहिनी ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काका, आमच्या घरचं पाणी चालतं ना तुम्हाला?" सगळे हसले. अप्पांनी ग्लास वर करून दाखवला. फोन करणारा माझा मित्र तिथंच होता. तोही हसत होता. आपण त्या दिवशी काय बोललो होतो, हे त्याला आठवतही नसावं.

मी का बोललो नाही, याची माझ्याकडं तेव्हा कारणं होती. मला कुणी विचारलं नव्हतं. अप्पांनी स्वतःच ही गोष्ट अशी सांगितली होती, मग ती बदलणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं झालं असतं. शिवाय आता ते बरे झाले होते. ही कारणं मी आळीपाळीनं वापरायचो.

एकदा त्यांच्याशी एकट्याशी बोलायचा प्रयत्न केला. ते परसात टोमॅटोच्या वाफ्याला पाइपनं पाणी देत होते. मी म्हणालो, "अप्पा, त्या दिवशी मी फोनवर जे बोललो..."

त्यांनी पाइप दुसऱ्या वाफ्यात धरला. "त्यात काय. चालायचंच."

"नाही, म्हणजे तुम्ही त्यामुळे..."

"जावईबापू," ते म्हणाले, "तिला तुमच्याबरोबर राहायचंय. मी दोन महिन्यांचा पाहुणा. माझ्यावरून तुमचं दोघांचं वाजलं तर ते मला झेपणार नाही. मला ती ओरडते त्याचं काही नाही वाटत. लहानपणी मी तिला फार ओरडायचो."

मी 'बरं' म्हणून आत आलो. मला सुटल्यासारखं झालं, हेही सांगायला हवं. त्यांनी ऐकलं होतं, हे आता पक्कं होतं, आणि गप्प राहायची परवानगीही मिळाली होती. त्यांना ते गप्प बसणं किती महाग पडणार आहे, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं.

ते पुढच्या काही आठवड्यांत हळूहळू ठरत गेलं. बायको आणि मेहुणा रोज फोनवर बोलायचे. आधी नुसती काळजी होती, मग "एकटे राहतात, कळायचं कसं," असं सुरू झालं, मग एका खोलीला रंग दिल्याचे फोटो आले. अप्पा परत गेले की सरळ पुण्याला, मेहुण्याच्या फ्लॅटवर. गावचं घर कारखान्यातल्या एका इंजिनिअरला भाड्यानं द्यायचं. माझ्यासमोर हे सगळं बोललं जात होतं. मला मत विचारलं तर मी म्हणायचो, "तुम्ही दोघं भाऊबहीण ठरवा." ते ऐकायला समजूतदार वाटायचं.

अप्पांच्या परतीच्या आधीच्या शनिवारी सकाळी, आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिघं बसले होते. बायको, अप्पा, आणि पडद्यावर मेहुणा. पुण्यात रात्र झालेली होती. मी ओट्यापाशी भांडी विसळत होतो.

"अप्पा, मी स्पष्ट बोलतो," मेहुणा म्हणाला, "आता तुम्हाला तिथं एकटं ठेवायचं म्हणजे रिस्क आहे. तिथं असं काही झालं असतं तर? शेजारच्यांना कळायलाच दोन दिवस लागले असते."

"तिथं असं काही झालं नसतं," अप्पा म्हणाले.

"पण झालं ना," बायको म्हणाली. "जवळ माणूस असून झालं. सारखं सांगणारं माणूस असून झालं. पाणी प्यायचं एवढं साधं ज्याच्या लक्षात राहत नाही, त्यानं गॅस कसा सांभाळायचा?"

"मी सांभाळतो की. इतकी वर्षं..."

"अप्पा, प्लीज. आम्हाला इथं झोप लागत नाही."

अप्पांनी टेबलावर हात ठेवले होते. त्यांनी एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटतं, ते मुद्दाम बघत नव्हते, कारण बघितलं असतं तर ते मागणं झालं असतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणाल तसं. फक्त पडवीतली ओल बघून घ्या, भाडेकरू यायच्या आधी."

मेहुणा म्हणाला, "बघतो ना अप्पा. सगळं बघतो."

मी नळ बंद केला आणि हात पुसून टेबलाशी आलो. अप्पांच्या समोरची खुर्ची ओढली. बायकोला वाटलं, मी चहाचं विचारायला आलोय. ती म्हणाली, "थांब जरा, हे होऊ दे."

"अप्पांना पाणी प्यायचं कळत नाही, असं काही नाहीये," मी म्हणालो. "त्यांना चांगलं कळत होतं. त्यांनी ठरवून बंद केलं, कारण मी त्यांची टर उडवली होती."

"जावईबापू, जाऊ द्या ते," अप्पा म्हणाले.

"काय उडवली होती?" बायकोनं विचारलं.

मी फोनवर जे बोललो होतो ते शब्दाला शब्द सांगितलं. झुडपाला पाणी घालण्याचं, सत्काराचं, सगळं. काच खाली होती, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाटली भरलेली दिसत होती आणि मी थांबलो नाही, कारण गाडी वेळेत चालली होती. सारखं सांगत वगैरे नव्हतो, एकदाच म्हणालो होतो, तेही रस्त्याकडं बघत, खरं उत्तर ऐकायचं नव्हतं म्हणून. बायको माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग अजून यायचा होता, आधी नुसतं ऐकणं चाललं होतं. पडद्यावर मेहुण्यानं तोंडावर हात ठेवला होता.

"म्हणजे हॉस्पिटलमध्ये तू मला..." ती म्हणाली.

"हो. तेव्हा खोटं बोललो. आणि त्यानंतर रोज."

"अप्पा, आणि तुम्ही?"

अप्पांनी टेबलावरचे हात मांडीवर घेतले.

आपल्यात मोठ्या माणसाच्या पाया पडून अशा वेळी सुटता येतं. वाकलं, हात लावला, त्यांनी 'असू दे, असू दे' म्हटलं की संपलं. मी वाकलो असतो तर अप्पांनी तेच म्हटलं असतं, आणि बायकोच्या आणि मेहुण्याच्या डोक्यात त्यांच्याविषयी जे बसलं होतं ते तसंच राहिलं असतं. म्हणून मी खुर्चीतच बसून राहिलो आणि त्यांच्याकडं बघून बोललो.

"अप्पा, माझी चूक झाली. तुमचं दुखणं मला माहीत होतं आणि मी त्याची लोकांत चेष्टा केली. तुम्ही तहानलेले होतात, ते मला दिसत होतं, आणि मी गाडी चालवत राहिलो. नंतर तुम्ही मला पाठीशी घातलंत, आणि तुमचं घर जायची वेळ आली तरी मी तोंड उघडलं नाही. तुमच्यात काही कमी नाहीये, ते माझ्यात होतं. मला माफ करा."